वातकुक्कुटाची नव्वद निरीक्षणे

“आपण आपल्या राहत्या घराच्या छपरावर विनापरवाना एक कोंबडा पाळला असून तो दररोज पहाटे पाचच्या सुमारास कर्कश ओरडतो व त्यायोगे गल्लीतील रहिवाशांच्या निद्रेचा भंग होतो, सबब हा हुकूम पोचल्यापासून सात दिवसांचे आत सदर प्राण्याची विल्हेवाट लावून तसे लेखी कळवावे.”

हे एक वाक्य नगरपालिकेच्या आरोग्य खात्याने सन १९५३च्या नोव्हेंबरात, कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत राहणारे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक यज्ञेश्वर नरहर कुरुंदवाडकर यांना धाडले. पंतांनी ते तीनदा वाचले. पहिल्यांदा चष्मा लावून, दुसऱ्यांदा हातात लाल पेन्सिल घेऊन आणि तिसऱ्यांदा स्वयंपाकघरात असलेल्या पत्नीला, म्हणजे विमलाबाईंना, ऐकू जाईल अशा आवाजात. मग त्यांनी उत्तर लिहायला घेतले. एका वाक्याला सात पाने, हे प्रमाण त्यांच्या मते संयमाचे होते.

पहिल्या पानावर त्यांनी ‘पाळणे’ या क्रियापदाचा समाचार घेतला. पाळण्यात अन्न घालणे, पाणी दाखवणे आणि रात्री टोपलीखाली डालणे या तीन क्रिया अंतर्भूत आहेत; प्रस्तुत कोंबडा संपूर्ण तांब्याचा असून गेल्या पाच महिन्यांत त्याने एक दाणाही खाल्लेला नाही. दुसऱ्या व तिसऱ्या पानांवर ‘प्राणी’ या संज्ञेत प्राण असणे कसे अपरिहार्य आहे हे सप्रमाण दाखवले. चौथ्या पानावर ‘ओरडणे’ या क्रियेला कंठ लागतो, आणि प्रस्तुत पक्ष्याचा कंठ आतून झाळून बंद केलेला आहे, हे आकृतीसह स्पष्ट केले. पाचवे पान ‘विल्हेवाट’ या शब्दाच्या इतिहासासाठी खर्ची पडले. उरलेल्या दोन पानांत, धातू आणि कुक्कुट यांत ज्या खात्याला भेद करता येत नाही त्या खात्याकडे शहराचे आरोग्य सोपवणाऱ्या समाजाविषयी काही शांत शब्दांत खेद व्यक्त केला होता. उत्तर अभेद्य होते. फक्त एका मुद्द्यावर त्या सात पानांत एक अक्षरही नव्हते. पहाटे पाच वाजता आवाज येत होता की नव्हता?

या अनुल्लेखाचे कारण कळण्यासाठी चैत्रापर्यंत मागे जाणे भाग आहे.

पुण्याचे एक कोशमंडळ त्या वर्षी मराठीचा एक मोठा शब्दकोश छापत होते आणि त्यातील ‘व’ या अक्षराची मुद्रिते तपासण्याचे काम पंतांकडे होते. शब्दपत्रिका विमलाबाईंच्या वळणदार हस्ताक्षरात तयार होत, पंत त्यांवर तांबड्या शाईने टीप देत आणि पुण्याला पाठवत. वीस वर्षे हा संसार असाच चालला होता. चैत्रात एक मुद्रित आले, त्यात पुढील नोंद होती : ‘वातकुक्कुट, पुल्लिंगी. १. वारा जाईल तिकडे तोंड करणारा, इमारतीच्या शिखरावर बसवलेला धातूचा कोंबडा. २. (लक्षणेने) वारा पाहून मत फिरवणारा, तत्त्वशून्य मनुष्य.’

पंतांचा चहा निवला. त्यांचा आक्षेप वरवर पाहता शुद्ध शास्त्रीय होता. वातकुक्कुटाचे पिसारलेले शेपूट वारा मागे ढकलतो, म्हणून त्याचे तोंड वारा जिकडून येतो तिकडे होते. तो वाऱ्यापुढे पळत नाही, वाऱ्याला छातीवर घेतो. मग जो प्रत्येक वाऱ्याला सामोरा जातो त्याला तत्त्वशून्य म्हणणे हे भौतिकशास्त्राचे अज्ञान आणि पक्ष्याची बदनामी, असे दोन्ही होत नाही काय?

परंतु शुद्ध शास्त्रीय आक्षेपाने माणसाचा चहा निवत नाही. सन अठ्ठेचाळीसमध्ये, कोल्हापूर संस्थान स्वतंत्रच राहावे अशा एका निवेदनावर पंतांची सही होती. एकोणपन्नासात संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा त्या मंगल घटनेचे स्वागत करणारी अकरा संस्कृत श्लोक रचून त्यांखालीही पंतांनी सही केली. दोन्ही सह्या सुवाच्य होत्या. पुढे निवृत्तीच्या समारंभात गणिताच्या एका सहकाऱ्याने, हार घालण्याआधी, हसत हसत सर्वांदेखत त्यांना ‘आमचे वातकुक्कुट’ असे म्हटले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पंतही हसले. आता तेच विशेषण, त्यांच्याच तपासणीखालून, त्यांच्याच नावाने, पिढ्यान् पिढ्यांसाठी छापले जाणार होते. ते नुसते छापले जाऊ देण्याइतके पंत उदार नव्हते.

त्यांनी पुण्याला बारा पाने लिहिली. पुण्याहून पोस्टकार्ड आले : ‘आपला मुद्दा विचारार्ह. तथापि प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार द्यावा.’

निरीक्षणासाठी वातकुक्कुट हवा, आणि पंतांच्या माहितीप्रमाणे कोल्हापुरात तो नव्हता. एका बंगल्यावर लोखंडी बाण होता, पण बाणाच्या वर्तनावरून कोंबड्याविषयी अनुमान काढणे हे पंतांच्या तर्कशास्त्रात बसेना. तेव्हा ते गंगावेशीजवळच्या आकाराम तांबटाच्या दुकानी गेले. आकारामचे घराणे तीन पिढ्या देवळांचे कळस घडवत होते. राधानगरीपासून कुरुंदवाडपर्यंत कुठल्याही गावचे शिखर दिसले की तो टोपी काढी, कारण ते बहुधा त्याच्या बापाचे नाहीतर आज्याचे निघे.

“शिखरावर कोंबडा?” आकाराम म्हणाला. “देऊळ कुठलं म्हणायचं, मास्तर?”

‘मास्तर’ या संबोधनाने प्रत्येक वेळी होणारी वेदना पंतांनी गिळली. “देऊळ नव्हे. माझ्या घरावर.”

“बरं. देव कुठला?”

“देव कोणीही नाही. वारा.”

आकारामने हातोडी खाली ठेवली. “म्हंजी मारुतीचा बाप. तसं सांगा की! करू. झ्याक करू.”

कोंबडा वाऱ्याने फिरला पाहिजे, हे पंतांनी त्याला तीनदा बजावले. त्यांपैकी एकदा संस्कृतातून, कारण त्यांचा धीर सुटत चालला होता. आकारामने तिन्ही वेळा मान हलवली. तापात बरळणाऱ्या माणसाच्या उशाशी बसून आपण जशी हलवतो, तशी.

ज्येष्ठातल्या एका मुहूर्तावर, जो आकारामने परस्पर काढला होता, कोंबडा वर चढला. तो सुंदर होता हे मान्य केले पाहिजे. घाटदार पोट, करारी मान, माथ्यावर जास्वंदीसारखा तुरा. वजन एका दांडग्या घागरीइतके. “तोंड कुणीकडं करू?” आकारामने वरून ओरडून विचारले. “वाऱ्याकडे!” पंत खालून ओरडले. त्या दिवशी गगनबावड्याकडून पावसाळी वारा सुटला होता. आकारामने तोंड पश्चिमेला केले, तळाशी काहीतरी पिळले, आणि खाली उतरून नारळ फोडला.

गल्लीला सल्ला देण्यासाठी निमंत्रण लागत नसे. शेजारचे तवनाप्पा, शाहूपुरीत गुळाची अडत असलेले सज्जन जैन गृहस्थ, कमरेवर हात ठेवून बराच वेळ वर पाहत राहिले. “मास्तर, मोर का न्हाय केला? मोर शोभला असता की. कोंबडा म्हंजी काय, बघणाऱ्याच्या मनात उगंच रस्सा येतो.” त्यांच्या पत्नी त्रिशलाबाईंचा आक्षेप अधिक मूलगामी होता. त्यांच्या पद्मावती देवीच्या वाहनाला कोंबड्याचे तोंड आणि सापाचे अंग असते. पंतांनी तोंडापर्यंत बरोबर आणून शेपटीत हयगय केली, असे त्यांचे मत पडले. भांडी घासणाऱ्या धोंडुबाईंनी कोणतेही मत दिले नाही. त्यांनी शिडीच्या तळाशी हळदकुंकू वाहिले आणि दर मंगळवारी वाहत राहिल्या. एका धातूच्या तुकड्याला गल्लीने आठवड्याभरात इतके अर्थ दिले, आणि पुण्याच्या मंडळाने दोनच दिले होते. कोशकारांची दृष्टी किती कोती असते याची पंतांनी टीप करून ठेवली.

मग पाऊस लागला आणि निरीक्षणे सुरू झाली. रोज सकाळी सात वाजता पंत छत्री घेऊन अंगणात उभे राहत, ओले बोट वर धरून वाऱ्याची दिशा ठरवत, कोंबड्याचे तोंड पाहत आणि उच्चारत, “पश्चिम. पश्चिम. सामोरा.” ओसरीवरून विमलाबाई ते लिहून घेत. पहिल्या दिवशी पश्चिम, सामोरा. दहाव्या दिवशी पश्चिम, सामोरा. चाळिसाव्या दिवशी पंचगंगेचे पाणी घाटाच्या पायऱ्या चढून वर आले, गल्लीत छत्र्या उलट्या झाल्या, तवनाप्पांच्या पडवीचे दोन पत्रे उडाले. कोंबडा मात्र पश्चिमेकडे छाती काढून ढिम्म उभा. पंत ओसरीकडे वळले. “पाहिलंस? याला तत्त्वशून्य म्हणतात!”

नव्वद दिवसांत नव्वद नोंदी झाल्या. नव्वदच्या नव्वद अनुकूल. ज्याला अपवादच सापडत नाही त्याने आपला सिद्धांत नव्हे, आपले डोळे तपासावेत, असे पंत तीस वर्षे वर्गात सांगत आले होते. परंतु ते विद्यार्थ्यांसाठी होते. निरीक्षणे पुण्याला गेली. पुण्याहून या वेळी पोस्टकार्ड नव्हे, लखोटा आला. मंडळ प्रभावित झाले होते. नोंद पंतांच्या नावानिशी दुरुस्त होणार होती, ‘तत्त्वशून्य’ गाळले जाणार होते, आणि कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या गुरुवारी मंडळाचे चिटणीस स्वतः कोल्हापुरास येऊन कोंबड्याचे छायाचित्र घेणार होते. पंतांनी तो लखोटा दिवसातून दोनदा उघडला. निरोपसमारंभातल्या टाळ्या त्यांच्या कानांत प्रथमच मंद झाल्या.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी विमलाबाईंनी वाळत घातलेले लुगडे पश्चिमेकडे फडफडत होते. पंत सोने वाटायला निघाले होते. त्यांनी लुगडे पाहिले, बोट ओले केले, वर पाहिले. वारा पूर्वेचा होता. कोंबड्याचे तोंड पश्चिमेलाच होते. म्हणजे वारा जाईल तिकडे त्याने तोंड केले होते. पुणेकरांच्या मूळ व्याख्येप्रमाणे, तंतोतंत.

पंतांनी आकारामला बोलावून घेतले.

“फिरत नाही,” पंत म्हणाले.

“फिरंल कसा?” आकाराम अभिमानाने म्हणाला. “आतनं मळसूत्र हाय, वर चक्की पिळलीया. घोडा बांधला तरी हलायचा न्हाय.”

“अहो, तो फिरायला हवा होता!”

आकारामचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. “मास्तर, तुमी बोललासा ते मी ऐकलं. पर शिखरावरची वस्तू हलली, की खालचं घर हलतं. माझ्या आज्यानं बशिवल्याला कळस भूकंपात हलला न्हवता. माझ्या हातनं हलणारी वस्तू वर जायाची न्हाय. तुमास्नी फिरायचंच आसंल तर तुमी फिरा की! त्याला कशाला तरास?”

तो नमस्कार करून गेला. कोंबड्याला.

गुरुवार पाच आठवड्यांवर होता. यानंतर पंतांनी जे केले त्याचे समर्थन त्यांनी स्वतःपाशी असे केले की, वातकुक्कुटाचा सिद्धांत खराच आहे. केवळ एका अडाणी चक्कीमुळे, म्हणजे मळसूत्रावर आवळलेल्या नटामुळे, सत्याची अभिव्यक्ती अडली आहे. आणि सत्याला हात देणे यात असत्य ते काय? चक्की काढून टाकण्याचा यत्न झाला, पण ती आकारामच्या घराण्याची होती. दोन्ही हातांनी कोंबड्याची मान धरून सर्व बळ लावले तर तो इंच-इंच सरके, एवढेच. म्हणून, चिटणीस येईपर्यंत गल्लीतही कोणाला विसंगती दिसू नये यासाठी, दररोज पहाटे, गल्ली उठण्यापूर्वी, सत्तावन्न वर्षांचे पंत धोतराचा काच्या मारून शिडीवरून छपरावर चढू लागले. ते वारा पाहत, कोंबड्याला कवटाळत आणि त्याचे तोंड त्या दिवसापुरते योग्य दिशेला आणत. तांब्यावर तांबे घासून जो आवाज निघे तो प्रथम खर्जात सुरू होई आणि शेवटी उंच, कापऱ्या, दीर्घ स्वरात संपे. ऐकणाऱ्याला तो कोंबड्याचा वाटे, यात ऐकणाऱ्याचा दोष नव्हता.

पश्चिमेचा वारा सरळमार्गी असतो. हिवाळी वाऱ्याला तेवढे चारित्र्य नाही. तो आज पूर्वेचा, उद्या ईशान्येचा, परवा पुन्हा आग्नेयेचा. भाऊबिजेच्या दिवशी तर सकाळी सात ते दहा या वेळात पंतांना तीनदा वर जावे लागले आणि दोनदा, कौले शाकारतो आहे, असे खुलासे द्यावे लागले. तिसऱ्या खेपेला खुलासा खरा ठरला. दव पडून निसरडे झालेले कौल सटकले, पंतांचा पाय आत गेला आणि स्वयंपाकघरात, चुलीवरच्या चहाच्या बरोबर वर, गुडघ्यापर्यंत अवतीर्ण झाला.

विमलाबाईंनी चहा बाजूला घेतला. “अहो, हा पाय आपलाच ना?”

“निरीक्षण चालू आहे,” वरून उत्तर आले.

त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत ती नोटीस आली, आणि वर सांगितलेली सात पाने गेली. त्यांचा परिणाम इतकाच झाला की गुरुवारच्या आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी, आरोग्य निरीक्षक केरबा पोवार दौत-लेखणी आणि वहीसह दारात उभे राहिले. पंच म्हणून त्यांनी वाटेतच तवनाप्पांना धरून आणले होते.

“नमस्कार, पंत. तुमचं उत्तर वाचलं. दोन पानं वाचली, पाच नुस्ती बघितली,” केरबा प्रांजळपणे म्हणाले आणि वर पाहून थबकले. “आरं तिच्या! ह्यो तर खरंच तांब्याचा हाय.”

“चौथ्या पानावर आकृती आहे.”

“मान्य. मग आरडतंय कोण?”

सात पाने ज्या प्रश्नाला वळसा घालून गेली होती, तो निरीक्षकाने उंबऱ्यावर उभ्या उभ्या विचारला. पंत म्हणाले की, प्रश्न आधी सिद्ध व्हावा. केरबांनी तवनाप्पांकडे पाहिले. तवनाप्पा फार अस्वस्थ झाले. आयुष्यात त्यांनी गुळाच्या ढेपेविषयीही खोटे सांगितले नव्हते.

“आवाज येतोय, मास्तर. न्हाय कसं म्हणू? पर आमची तक्रार न्हाय बरं का, साहेब. उलट आमची मंडळी त्या आवाजावर उठून बस्तीत दर्शनाला जातीया. बंद झाला तर तिची पंचाईत.”

“मग तक्रार कुणाची?” पंत गरजले. “गल्लीत तोंडावर बोलण्याचे धैर्य नसलेला हा निद्राप्रेमी आहे तरी कोण?”

केरबांनी वहीतून अर्ज काढून पुढे केला. खाली ‘एक हितचिंतक’ अशी सही होती. पंतांनी तो खोडून काढण्याच्या इराद्याने हाती घेतला. पहिली ओळ वाचून त्यांची लाल पेन्सिल थांबली. मजकुरात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. आणि ते वळणदार हस्ताक्षर वीस वर्षे त्यांच्या प्रत्येक शब्दपत्रिकेवर होते. नव्वद वेळा त्याने ‘पश्चिम, पश्चिम, सामोरा’ असे लिहिले होते.

विमलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

“तू?” पंत म्हणाले. “मला सांगायचं तरी!”

“सात वेळा सांगितलं. आपण म्हणालात, काय असेल ते लेखी दे.”

तवनाप्पा कोंबड्याकडे पाहू लागले.

“कौलं मोडली तर दुसरी मिळतात,” विमलाबाई पुढे म्हणाल्या. “आपण पडलात तर मी दुसरं काय बसवू तिथं?”

पंतांनी लाल पेन्सिल, काहीही न खोडता, कानामागे खोचली. त्यांच्या आयुष्यात असा प्रसंग विरळा होता. केरबांनी घसा साफ केला आणि नियमाची बाजू मांडली : कोंबडा वाऱ्याने फिरतो नि त्याचाच आवाज होतो असे असेल, तर तसा पंचनामा करून प्रकरण मिटवता येईल. वारा बदलायची तेवढी वाट पाहू.

सगळे अंगणात बसले. चहा झाला. दुसरा चहा झाला. दहाच्या सुमारास वारा वळला. तवनाप्पांचे उपरणे दक्षिणेकडे उडाले. चार जणांनी माना वर केल्या. कोंबडा पहाटे ज्या दिशेला लावला होता त्याच दिशेला, आकारामच्या तीन पिढ्यांच्या पुण्याईने, अविचल होता.

“वैनी,” तवनाप्पा हळूच म्हणाले, “एक वेळ मी वर जाऊन ढकलू का?”

पंत उठले. उद्या चिटणीस येणार होते, छायाचित्र निघणार होते आणि एक शब्द भाषेतून कायमचा धुऊन निघणार होता. ‘होय, वाऱ्याने फिरतो, आज जरा अडकला आहे’ एवढे म्हणणे पुरेसे होते, आणि केरबा ते लिहून घ्यायला मनापासून तयार दिसत होते. पंतांनी अर्ज नीट घडी घालून खिशात ठेवला. मग त्यांनी निरीक्षकाच्या हातून वही व लेखणी घेतली, चष्मा पुसला, आणि आपला जबाब स्वहस्ते लिहिला. तो नगरपालिकेच्या दप्तरात आहे तसाच पुढे दिला आहे :

“मी, यज्ञेश्वर नरहर कुरुंदवाडकर, वय वर्षे सत्तावन्न, समक्ष लिहून देतो की, माझ्या छपरावरील कोंबडा तांब्याचा असून सर्वस्वी निर्दोष आहे. तो ज्येष्ठात पश्चिमेकडे तोंड करून बसला व आपण होऊन आजतागायत तसूभरही हललेला नाही. नव्वद दिवस तो वाऱ्याला सामोरा होता, याचे श्रेय वाऱ्याला आहे. दसऱ्यापासून वारा पाहून त्याचे तोंड मी फिरवीत आलो. पहाटेचा आवाज त्या फिरवण्याचा. सन अठ्ठेचाळीस व एकोणपन्नास या सालांतील दोन्ही कागदांवरील सह्याही माझ्याच आहेत, व त्या वेळी मला कोणी मान धरून फिरवले नव्हते. या जबाबाची एक नक्कल पुण्याच्या कोशमंडळास द्यावी. शब्दाच्या पहिल्या अर्थाविषयी माझे म्हणणे कायम आहे. दुसरा अर्थ मंडळाने मूळचाच ठेवावा. चिटणिसांना त्याचे छायाचित्र हवे असल्यास छपरावर चढण्याचे कारण नाही, मी उद्या दिवसभर घरीच आहे.”